पाणी भरपूर, मीठ कुठंय?

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास टेकला की शेतात, बांधकामावर नाहीतर डांबराच्या रस्त्यावर राबणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "दिवसभर नुसतं पाणीच पितोय, तरी रात्री पोटऱ्यांत गोळे येतात." पाणी कमी पडत नसतं, मीठ कमी पडत असतं.

घामाची चव आठवा. लिटरभर घामातून साधारण १ ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. माणसागणिक हा आकडा बराच बदलतो. शर्ट वाळल्यावर ज्याच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटतात, त्याच्या घामात मीठ जास्त. उन्हात अंगमेहनत करताना तासाला अर्धा ते दीड लिटर घाम जातो. सरासरी लिटर धरला तरी सकाळच्या चार तासांत ४ लिटर पाणी आणि सुमारे १० ग्रॅम मीठ गेलं, आणि त्याच्या बदल्यात पोटात आलं फक्त साधं पाणी.

इथे तहान फसवते. मेंदूला तहान कळते ती मुख्यतः रक्त किती घट्ट झालंय यावरून. मीठ गमावलेल्या माणसाने साधं पाणी प्यायलं की रक्त लवकर पातळ होतं, तहान मिटते आणि मूत्रपिंडं ते पाणी बाहेर काढू लागतात. तूट तशीच राहते. पाण्यासोबत मीठही पोटात गेलं तर तहान टिकून राहते आणि प्यायलेलं पाणी अंगात थांबतं.

याच्या उलट टोकालाही धोका आहे. मूत्रपिंडं तासाला फार तर ८०० मिली ते १ लिटर पाणी बाहेर टाकू शकतात, आणि ऊन-मेहनतीच्या ताणात त्याहूनही कमी. त्यावर कोणी जिद्दीने तासाला दोन-दोन लिटर साधं पाणी ढोसलं, तर रक्तातलं सोडियम इतकं उतरतं की डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते, माणूस बावचळतो. बघणाऱ्याला वाटतं ऊन लागलं, आणि तो आणखी पाणी पाजतो!

म्हणून माप ठरवावं. उन्हात काम चालू असेल तर दर १५-२० मिनिटांनी २०० ते २५० मिली, आणि तासाला दीड लिटरच्या वर नाही. घरचा पेला किती मिलीचा आहे ते एकदा लिटरच्या बाटलीने मोजून ठेवा. आपल्याकडे पेले आणि तांबे कोणत्याही मापाचे असतात. दोन तासांच्या आत काम उरकणार असेल आणि वर भाकरी, ठेचा, लोणचं असं जेवण होणार असेल, तर साधं पाणी पुरे. त्यापुढे मीठ हवं.

सगळ्यांत सोयीचं ताक. वाटीभर दही घुसळून पाणी घालून लिटरभर करायचं आणि त्यात चहाच्या चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ. हे घामातल्या मिठाच्या जवळपास जातं. जिरेपूड, कोथिंबीर आपापल्या आवडीने. ताक तांब्याच्या भांड्यात मात्र नको. आंबट आणि खारट दोन्ही मिळून तांबं उतरवतात. पन्हंही चालतं, पण बहुतेक घरी ते इतकं गोड करतात की तो खाऊ होतो. साखर जास्त झाली की पेय पोटात रेंगाळतं. बाटलीबंद कोला प्रकाराचं तेच, त्यात १०० मिलीला १०-११ ग्रॅम साखर असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मीठ आणि पाणी दोन्हींचं माप आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावं.

ओआरएस हे मुख्यतः जुलाब-उलट्यांचं औषध. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. आतड्याच्या भिंतीतून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं, ही त्यातली किल्ली. आजच्या सूत्रात लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. हे प्रमाण बिघडतं ते घरी. मोठी पुडी एक लिटरसाठी असते, तिची अर्धी पेलाभर पाण्यात घालून बाळाला देतात. ते पाणी जास्त खारट होतं आणि नुकसान करतं. पूर्ण पुडी, पूर्ण लिटर, वर साखर किंवा दूध नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून नवीन करा.

गार पाणी जास्त प्यायलं जातं, म्हणून माठाबद्दलही थोडं. झिरपलेलं पाणी बाहेर वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं, कोकणात दमट हवेमुळे निम्मंही नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून छिद्रं बुजली की माठ बाहेरून कोरडा दिसू लागतो. काथ्याने घासा, साबण नको, तो मातीत मुरतो. तरीही झिरपेना तर नवा आणा. आणि ओगराळं वापरा, हात बुडवू नका.

पुरेसं प्यायलं का, ते लघवी सांगते. फिकट पिवळी ठीक, गडद आणि थोडीच झाली तर कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर मात्र हा रंग धरू नका. खात्रीच हवी तर कामाआधी आणि नंतर वजन करा. १ किलो उतरलं म्हणजे लिटरभर तूट. आजी-आजोबांना तहान उशिरा लागते, त्यांना विचारत बसू नका, पेला हातात द्या.

कोणी उन्हात असंबद्ध बोलू लागला, झिंगल्यासारखा चालू लागला, तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, पाणी अंगावर ओता, जोरात वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.