सातबाऱ्यावरून मागे: तालुक्याच्या अभिलेख कक्षाची फेरी

या फेरीचे काम एकच होते. आजच्या सातबाऱ्यावरच्या एका गटापासून (जमिनीच्या क्रमांकित तुकड्यापासून) मागे मागे जायचे, जमिनीवर कोणते नाव कोणत्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, आले ते लावायचे आणि प्रत्येक टप्प्याची सत्यप्रत हातात घ्यायची. तालुका पश्चिम महाराष्ट्रातला, म्हणजे जुन्या मुंबई प्रांतातला. वारसाहक्क, वाटणी, कुळाची नोंद किंवा जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा, कारण काहीही असो, वाट बहुतेक हीच असते.

निम्मे काम घरीच होते. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. सोबत ८अ, म्हणजे खातेदाराचा खाते उतारा, काढावा, म्हणजे त्याच खातेदाराचे गावातले इतर गटही दिसतात. आता सातबारा नीट वाचायचा. नावांपाशी आणि इतर अधिकारांच्या रकान्यात फेरफार क्रमांक असतात; हस्तलिखित उताऱ्यावर ते गोल करून लिहिलेले असतात. कंसात टाकलेले किंवा आडवी रेघ मारलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव. मागच्या शोधासाठी तेच सर्वांत मोलाचे, कारण ज्या फेरफाराने ते कमी झाले त्यात आधीचा धारक, व्यवहाराचा प्रकार आणि तारीख असते. हे सगळे क्रमांक एका कागदावर उतरवून घ्यावेत. 'आपले अभिलेख' या सोयीत काही जिल्ह्यांची जुनी पुस्तके स्कॅन होऊन आली आहेत. आपला तालुका त्यात असेल तर कचेरीतला बराच वेळ वाचतो.

अभिलेख कक्षात कागद माणसाच्या नावावर सापडत नाही. तो गाव, नमुना, वर्ष आणि क्रमांक यांवर सापडतो. 'आजोबांच्या नावाचे सगळे जुने कागद द्या' असा अर्ज आला की अभिलेखपालाला कोणता रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे) सोडावा हेच कळत नाही, आणि अर्ज तसाच पडून राहतो. उलट 'मौजे अमुक, गाव नमुना ६ (फेरफार नोंदवही), फेरफार क्र. ८१२ ते ८१५' असे लिहिले की रुमाल थेट काढता येतो.

सरकारी कचेऱ्यांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आहे, वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा. नकलेचा अर्ज सकाळीच द्यावा, कारण रुमाल काढायला लागणारा शिपाई दुपारनंतर इतर कामात अडकतो. मार्चअखेर वसुलीची धावपळ असते आणि निवडणुकीच्या काळात निम्मी कचेरी त्याच कामावर असते. ते दिवस टाळावेत. बरोबर कोरे कागद, आधारची छायाप्रत, पाच-दहा रुपयांचे काही कोर्ट फी स्टँप, भिंग आणि तोंडाला बांधायला रुमाल घ्यावा. जुन्या दप्तराची धूळ घशात बसते.

पहिला थांबा तलाठी कार्यालय, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी कार्यालय. चालू पुस्तके आणि अलीकडची काही हस्तलिखिते तिथे असतात. जुनी बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात जमा झालेली असतात. तलाठ्याला दोनच गोष्टी विचारायच्या: कोणत्या वर्षापर्यंतची पुस्तके जमा केली, आणि गावात गट योजना कधी लागू झाली. दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट १४३ म्हणजे जुना सर्व्हे १४३ नव्हे. हा धागा न जुळवता मागे गेले तर शेजाऱ्याच्या जमिनीचा इतिहास हाती येतो, आणि पैसे भरून झाल्यावर ते लक्षात येते.

नकलेच्या अर्जात गावाचे नाव, जुना व नवा नंबर, नमुना, वर्षे, फेरफार क्रमांक आणि प्रतींची संख्या लिहावी. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते, म्हणून वर्ष १९६७-६८ असे जोडीने लिहावे. मार्च १९६८ ची घटना १९६७-६८ च्या पुस्तकात असते, ऑक्टोबर १९६८ ची पुढच्या पुस्तकात. हस्तलिखित सातबाऱ्याची पुस्तके साधारण दहा वर्षांनी नव्याने लिहिली जात. पुनर्लेखनात इतर अधिकारातले कुळाचे, बहिणीच्या हिश्श्याचे किंवा विहिरीतल्या पाण्याच्या हक्काचे नाव उतरवायचे राहून गेले, अशी प्रकरणे पुष्कळ. म्हणून प्रत्येक पुस्तकातला एकेक उतारा घ्यावाच. दोन सलग पुस्तकांत नाव नाहीसे झाले आणि मधे फेरफार नाही, तर चूक तिथेच आहे. लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली अर्ज करताना हेच दोन उतारे पुढे ठेवायचे असतात.

नक्कल नेहमी मूळ पानाची छायांकित सत्यप्रत मागावी. हाताने उतरवलेल्या किंवा टंकलिखित नकलेत 'रामा' चा 'राणा' होतो, ३ चा ८ होतो, आणि कोर्टात पुढचा वकील नेमका त्यावर बोट ठेवतो. फेरफाराची प्रत घेताना शेवटचा रकाना आला आहे ना ते पाहावे. नोंद तलाठ्याने लिहिली तरी प्रमाणित केल्याशिवाय तिला अर्थ नाही. 'मंजूर' किंवा 'रद्द' हा शेरा, सही आणि तारीख त्या रकान्यात असते. कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी १५ दिवस ठेवावे लागतात. नोंदीची तारीख आणि मंजुरीची तारीख यांत तेवढे अंतर दिसत नसेल तर नोटीस बजावल्याचा कागदही मागून घ्यावा. हरकत आली असेल तर विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही, नमुना ६अ, पाहावी; वारसांसाठी ६क. या दोन नोंदवह्या मागणारे फार कमी, आणि वारसांची पूर्ण यादी बहुधा ६क मध्येच मिळते.

१९५७ नंतरची पाने चाळताना फेरफारांची गर्दी दिसेल. १ एप्रिल १९५७ हा कुळकायद्यातला कृषक दिन. त्या दिवसापासून कुळे मालक मानली गेली आणि पुढे त्याच कायद्याच्या कलम ३२ग खाली खरेदी किंमत ठरवण्याची चौकशी व ३२म ची खरेदी प्रमाणपत्रे झाली. कुळाच्या जमिनीचा शोध असेल तर फेरफारावर थांबू नये. ३२ग प्रकरणाची मूळ संचिका वेगळ्या दप्तरात असते, तिचा क्रमांक फेरफारात लिहिलेला सापडतो.

क्षेत्राचा ताळा जागेवरच करावा. जुनी पाने एकर-गुंठ्यांत, नवी हेक्टर-आरमध्ये. ४० गुंठे म्हणजे एक एकर, १०० आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे. एक गुंठा जवळजवळ एका आरएवढाच असल्याने एकरांना सरळ ४० ने गुणून आर काढले तरी अंदाज चुकत नाही. आकडे फारच वेगळे आले तर आधी पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य भाग, पाहावा. तो कधी एकूण क्षेत्रात धरलेला असतो, कधी वेगळा दाखवलेला असतो, आणि जमीन 'कमी झाली' ही तक्रार पुष्कळदा तिथेच मिटते.

तहसीलमधून नावांची साखळी मिळते. जमिनीची हद्द मिळते ती भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात. लोक त्याला अजून टीआयएलआर (तालुका निरीक्षक, भूमी अभिलेख या जुन्या इंग्रजी नावाचे लघुरूप) म्हणतात. दोन्ही कचेऱ्या एकाच आवारात असल्या तरी दप्तरे पूर्ण वेगळी, अर्ज वेगळे, शुल्क वेगळे. इथे मागायचे कागद नेमके ठाऊक असावेत: आकारबंद (क्षेत्र व आकारणीची नोंद), टिपण (मूळ मोजणीचे रेखाटन), फाळणी नकाशा (पोटहिश्शांचा), गुणाकार बुक (क्षेत्रफळाचे गणित), आकारफोड पत्रक (आकारणीची हिश्शांवर विभागणी), कमी-जास्त पत्रक (क्षेत्र व आकारणीतले बदल) आणि गट योजनेचे योजनापत्रक व जबाब. जुन्या सर्व्हेतून कोणता गट किती क्षेत्राचा झाला, हे योजनापत्रकात दिसते. तलाठ्याकडे सुरू केलेला धागा इथे पक्का होतो, म्हणून तहसीलमध्ये खोल जाण्याआधीच हा एक कागद काढला तर उत्तम. सर्वांत जुन्या नावांसाठी कडईपत्रक, म्हणजे जुन्या धारकांची नोंद असलेले पत्रक, मागावे. जमीन गावठाणात किंवा शहरात असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते, आणि तीही याच खात्याकडे. फाळणीची प्रत मूळ मापाचीच हवी. छायाप्रतीच्या यंत्राने नकाशा थोडा जरी लहान-मोठा केला तरी त्यावरून मोजलेली अंतरे चुकतात.

खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र हे दुय्यम निबंधकाकडे. फेरफारात दस्त क्रमांक व वर्ष असेल तर सूची क्रमांक २ (मिळकतीनुसार लावलेली दस्तांची सूची) वरून दस्त सापडतो. अलीकडची वर्षे नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये घरबसल्या दिसतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक १ आणि त्याच्या सूच्या कोणालाही शुल्क भरून पाहता येतात. 'तुमचा संबंध काय' हा प्रश्न तिथे लागू नाही. मृत्युपत्रांचे पुस्तक ३ मात्र वेगळे: करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, मृत्यूनंतर अर्जदाराला.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि महसुली गाव नमुना ८अ यांत रोज घोळ होतो. पहिला घरपट्टीच्या आकारणीचा, दुसरा जमिनीच्या खात्याचा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचा गाव नमुना १४ मात्र तहसीलच्या दप्तरात शोधावा. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी ही दप्तरे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. यातली पुष्कळ पाने मोडीत आहेत. आधी छायांकित सत्यप्रत घ्यावी, मग मोडी वाचकाकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्यावे आणि दोन्ही एकत्र जोडावीत. नुसते लिप्यंतर पडताळणीत टिकत नाही.

दप्तर तालुक्यात नसेल तर जिल्ह्याचा इतिहास पाहावा. २६ जून १९९९ ला अनेक नवे तालुके झाले, पण सगळे जुने रुमाल नव्या कचेरीत आलेच असे नाही. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून, जालना त्याच वर्षी औरंगाबादेतून, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून आणि पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघाला. तोवरचा शोध मूळ जिल्ह्यातही घ्यावा लागतो. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक हा पाया, त्याआधीचे कागद निजामकाळातले, बरेचसे उर्दूत. विदर्भात मिसल बंदोबस्त, पी-१ आणि निस्तार पत्रक ही नावे घ्यावीत. तिथल्या अभिलेख कक्षात कडईपत्रक मागून उपयोग नाही. इनाम-वतनाच्या जमिनीसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तरही पाहावे.

आता अडवणुकीचे. अर्जाची पोच, आवक क्रमांक व तारखेसह, पहिल्याच दिवशी घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असे समजावे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे व भूमी अभिलेख लोकांना पाहण्यासाठी खुले आहेत, हे कलम अर्जातच लिहावे. शिवाय २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा व त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ही सोय कित्येक कचेऱ्यांत टेबलावरच्या माणसालाही ठाऊक नसते, म्हणून निर्णयाची प्रत खिशात असावी.

तरीही नकार आला तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात परिशिष्ट 'अ' मधला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. फेरफार आणि मोजणी एका अर्जात घातली की तो परत येतो. प्रतीला पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील, त्यावर २० रुपयांचा स्टँप. 'का दिले नाही' असा प्रश्न विचारू नये, कागद मागावा.

'अभिलेख आढळून येत नाही' असे उत्तर आले तर तिथे थांबू नये. तलाठ्याने दप्तर जमा केल्याची यादी, अभिलेख कक्षाची नोंदवही आणि नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी, या तिन्हींची मागणी करणारा नवा अर्ज द्यावा. फेरफार नोंदवहीसारखे दप्तर कायम जतन करायचे असते, ते नियमाने नष्ट होऊच शकत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे बेकायदा नाशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. या अधिनियमाचा उल्लेख असलेले अपील आले की दप्तराचा शोध पुन्हा घेतला जातो, आणि कितीतरी वेळा चुकीच्या गावाच्या रुमालात बांधलेले पुस्तक सापडते. म्हणून पहिल्याच अर्जात शेजारच्या गावांचे आणि त्याच सझातल्या, म्हणजे एकाच तलाठ्याकडच्या, इतर गावांचे रुमाल तपासावेत, अशी ओळ घालून ठेवावी.