घडाघडा वाचतो, पण कळतं का?

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट म्हणून काम करतेय, त्यामुळे भारतातल्या मैत्रिणींचा प्रश्न ठरलेला, तुमच्याकडे मुलांना वाचायला कसं शिकवतात गं? म्हणून आज त्यावरच.

इथे इयर वनच्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांची फोनिक्सची, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचण्याची टेस्ट असते. 40 शब्द, त्यातले 20 चक्क बनावट, काही अर्थच नसलेले, म्हणजे मूल पाठ असलेलं म्हणतंय की खरंच अक्षरं जोडून वाचतंय ते लगेच कळतं. पण खरं काम पुढेच आहे. पानभर घडाघडा वाचणारं पोर "मग काय झालं?" विचारलं की गप्प, हे मी सतत बघते. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये हे सोपं करून मांडलं होतं, शब्द वाचता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार, त्यामुळे एक बाजू शून्य तर सगळंच शून्य.

मला सगळ्यात पटलेली पद्धत म्हणजे रेसिप्रोकल टीचिंग, ॲनमेरी पॅलिंक्सर आणि ॲन ब्राऊन या संशोधकांची, 1984 ची. चार-पाच मुलं, छोटा उतारा, आणि मग पुढे काय होईल त्याचा अंदाज बांधायचा, अडलेलं सोडवायचं, प्रश्न काढायचे, थोडक्यात सांगायचं. आधी टीचर मोठ्याने विचार करून दाखवते, "तिने दार आपटलं एवढंच लिहिलंय, राग आला असं कुठेच नाही, मग मला ती चिडलीय असं का वाटतंय?" आणि हळूहळू मुलंच आळीपाळीने टीचर होतात. यातला प्रश्न काढण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण उत्तर उताऱ्यातलं वाक्य उचलूनही देता येतं, चांगला प्रश्न मात्र समजल्याशिवाय सुचतच नाही. सुरुवातीला "कुत्र्याचा रंग कोणता" असलेच प्रश्न येतात, येऊ द्यावेत, मग आपण "कशावरून म्हणतोस?" विचारत राहायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे विषयाची माहिती. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी 1988 मध्ये मुलांना बेसबॉलवरचा उतारा दिला, तर वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, खेळ माहीत नसलेल्या हुशार वाचकांपेक्षा पुढे गेली! म्हणून इथल्या मराठी आईबाबांना मी सांगते की घरी मराठीत भरपूर बोला, पाऊस कसा पडतो, पूल कसा बांधतात, काहीही, इंग्लिश कच्चं राहील ही भीती काढून टाका, ही माहिती वाचताना कामाला येतेच.

एक मात्र खटकतं. इयर सिक्सला, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना, 50 मार्कांचा, एक तासाचा रीडिंग पेपर असतो आणि तो जवळ आला की बऱ्याच ठिकाणी जुने पेपर सोडवून घेणं सुरू होतं. वेळेचा अंदाज यावा म्हणून दोन-तीन सोडवा की, पण त्यासाठी गोष्टीवरच्या गप्पा बंद करणं मला अजिबात पटत नाही.