पंख मिटला, त्यानंतरचे नऊ महिने

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुणे जिल्ह्यातल्या कामशेतच्या एका टेकडीवरून उडत असताना माझ्या पॅराग्लायडरचा उजवीकडचा जवळजवळ अर्धा पंख हवेतच मिटला. त्या वेळी मी उतारापासून साधारण सत्तर मीटर उंचीवर होते. सगळा प्रकार काही सेकंदांत संपला. माझा घोटा मुरगळला आणि दोन दोऱ्या करवंदीच्या जाळीत अडकून तुटल्या, यापलीकडे काही नुकसान झाले नाही; तरीही त्यानंतर थेट नोव्हेंबरपर्यंत मी एकदाही उडाले नाही. "लगेच पुन्हा उडा, म्हणजे भीती मनात घर करणार नाही," असा सल्ला मला अनेकांनी आपुलकीने दिला होता. तो माझ्या बाबतीत चुकीचा होता, असे आज मला ठामपणे वाटते आणि म्हणूनच हे लिहीत आहे.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे काय घडले हे मला पहिल्या दिवसापासून समजत होते. पॅराग्लायडरच्या पंखाला सांगाडा नसतो. कापडाचे दोन थर, त्यांच्यामध्ये शिवलेले उभे पडदे आणि त्यातून तयार झालेले कप्पे, एवढीच त्याची रचना असते. या कप्प्यांची तोंडे पुढच्या कडेला उघडी असतात, त्यांतून हवा आत शिरते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहिल्यामुळे पंखाला आकार मिळतो. वारा समोरून आणि थोडासा खालून भेटतो तोवर सारे ठीक असते. पण खाली कोसळणाऱ्या हवेत पंखाची एखादी बाजू अचानक शिरली, तर तेथे वाऱ्याचा कोन बदलतो, पुढची कड आत मुडपते आणि तेवढा भाग चादरीसारखा लोंबकळू लागतो. डोंगराच्या सोंडेवरून वाहणारा वारा पलीकडच्या बाजूला खाली वळून घुसळतो, त्या घुसळणाऱ्या हवेला आम्ही रोटर म्हणतो. दुपारचे ऊन चढल्यावर सोंडेपलीकडे जायचे नाही, असे आमच्या प्रशिक्षक सरांनी सकाळीच बजावले होते. सोंडेच्या अलीकडे वर चढणारी हवा चांगली मिळत होती, म्हणून मी एक वळण लांबवले, नंतर आणखी एक लांबवले. चूक माझी होती.

त्याहून मोठी चूक पुढच्या क्षणी झाली. पंखाची एक बाजू मिटली की ग्लायडर त्या बाजूला वळू लागतो. तेव्हा शरीराचे वजन उघड्या बाजूला टाकायचे, त्याच बाजूला थोडासा ब्रेक देऊन (म्हणजे पंखाची मागची कड खाली ओढणारी दोरी ओढून) दिशा धरायची आणि मगच मिटलेला भाग उघडायला मदत करायची, हा क्रम मला पाठ होता. प्रत्यक्षात मी दोन्ही ब्रेक छातीपर्यंत ओढले. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते घट्ट धरून ओढतो, तसेच हे होते. परंतु ब्रेक ओढले की पंखाचा वेग कमी होतो आणि तसेच धरून ठेवले तर उरलेला पंखही उडणे सोडून देतो. रेडिओवरून सरांचा आवाज आला, "मॅडम, हात वर! हात वर! डावीकडे झुका!" मी हात सोडले. पंख फटकन उघडला, पुढे झेपावला आणि मी उतारावरच्या झुडपांत जाऊन आदळले.

त्यानंतर जे सुरू झाले, त्यावर भौतिकशास्त्राचा काही उपयोग झाला नाही. पंख मिटताना ओली चादर झटकल्यासारखा आवाज झाला होता. मार्च महिनाभर शेजारच्या गच्चीवर कोणी कपडे वाळत घालताना झटकले, की माझ्या तळहातांना घाम फुटत असे. माझा पंख ए वर्गाचा आहे, म्हणजे ईएन ९२६-२ या युरोपीय मानकाच्या चाचणीत त्याची एक बाजू मुद्दाम मिटवल्यावर तो पायलटने काही न करता आपोआप उघडलेला आहे, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. पंखाविषयी माझी तक्रार नव्हतीच. अविश्वास होता तो माझ्या हातांवर. त्या हातांनी जे केले ते माझ्या ज्ञानाला न विचारता केले होते आणि पुढच्या वेळी ते तसे करणार नाहीत, याची हमी मी कोणत्या तोंडाने देणार होते?

एप्रिलमध्ये मी येवल्याला आईकडे गेले. आईने झाल्या प्रकाराबद्दल कधी रागावून विचारले नव्हते, त्या दिवशी मात्र तिने सगळे नीट सांगायला लावले. ब्रेक ओढल्याचे ऐकल्यावर ती म्हणाली, "अगं, पतंगाने गोता खाल्ला की ढील द्यायची, हे तुला सहाव्या वर्षी कळत होतं. तेव्हा कुठे ओढत होतीस?" येवल्याची संक्रांत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पतंगाचे तोंड खाली असताना मांजा खेचला तर तो त्याच दिशेने अधिक वेगाने जमिनीकडे जातो. ढील दिली की तो सैलावतो, तोंड फिरवतो आणि मग खेचता येतो. वडिलांनी हातात दिलेली मांजाची आसारी, गच्चीवर घुमणारी हलगी आणि गोता दिसताच आपोआप सैल होणारी बोटे मला लख्ख आठवली. हे ज्ञान मी कुठल्या पुस्तकातून घेतले नव्हते, शेकडो वेळा पतंग सावरून ते हातात उतरले होते. पॅराग्लायडिंगच्या दोन अभ्यासक्रमांत मिळून माझ्या हातांना तेवढा सराव कधी मिळालाच नव्हता, कारण टेकडीवर पोहोचल्यावर मला नेहमी उडण्याची घाई असे.

म्हणून मी जमिनीवरून सुरुवात केली. नाशिकजवळ गिरणारे रस्त्यावर ओळखीच्या एका शेतकरी दादांचे पडीक रान आहे. द्राक्षबागेच्या तारांपासून लांब, पश्चिमेला मोकळे आणि ढेकळे फारशी नसलेले असे ते रान त्यांनी मला संध्याकाळी वापरू दिले. बागांमध्ये तेव्हा खरड छाटणी चालू होती. पंख जमिनीवर पसरायचा, त्याच्याकडे तोंड करून उभे राहायचे, पुढच्या दोऱ्यांनी तो डोक्यावर उचलायचा आणि पाय जमिनीवरून न उचलता जितका वेळ तोलता येईल तितका वेळ तोलायचा, याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. बहुतेक जण हा भाग कंटाळवाणा समजून उरकून टाकतात. मीही तसेच केले होते. एप्रिल आणि मे मिळून मी तेथे सव्वीस संध्याकाळी गेले.

पहिल्या आठवड्यात पंख डोक्यावर आला की मी ब्रेक ओढूनच धरत असे, म्हणजे तीच चूक जमिनीवरही होत होती. मग मी मुद्दाम एका बाजूची सर्वांत बाहेरची दोरी ओढून पंखाचे टोक मिटवायचे, हात वर ठेवायचे, उघड्या बाजूला झुकायचे आणि टोक उघडताना पाहायचे, असे सुरू केले. तोच चादरीचा आवाज आता मी स्वतः, माझ्या मर्जीने काढत होते. पंधराव्या-सोळाव्या संध्याकाळी मी डोळे मिटून तोलू लागले. पंख कोणत्या बाजूला कलतो आहे हे ब्रेकच्या ताणावरून आणि कमरेच्या पट्ट्यांवरून समजते, ते पाहावे लागत नाही. कोणत्या बाजूचा ताण हलका झाला, हे पंख मिटण्याच्या क्षणभर आधी हातांना समजते, हा शोध मला फार मोलाचा वाटला.

दादा फवारणीसाठी वारा पाहतात. एकदा मी पंख पसरत असताना ते म्हणाले, "ताई, आज वारं फिरणार. पानं उलटी दिसायला लागली." मी थांबले आणि वीस मिनिटांत धुळीचा लोट आला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १० किलोमीटरचा वारा २० झाला तर जोर चौपट होतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या संध्याकाळी ते मला धुळीत दिसले. मेअखेरीस वारे फार वाढले, तेव्हा मी सराव बंद केला.

पावसाळ्यात उड्डाणे बंदच असतात. त्या काळात तुटलेल्या दोऱ्या बदलून घेतल्या आणि राखीव पॅराशूटची घडी नव्याने करून घेतली. पाण्यावर उडून असे प्रसंग मुद्दाम घडवण्याचे प्रशिक्षण घ्या, असेही काहींनी सुचवले होते. ते मला घ्यायचे आहे, पण त्या वेळी माझी तयारी नव्हती आणि तसे स्पष्ट सांगताना मला कमीपणा वाटला नाही.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी अंजनेरीला चढले. नाशिकचे आकाश आम्हा पायलटांना हवे तसे वापरता येत नाही, कारण गांधीनगरला सैन्याची हेलिकॉप्टरे आणि ओझरला विमानतळ आहे; त्यामुळे येथे मी फक्त पाहते. कड्यावर गिधाडे बसली होती. ऊन अंगावर येऊनही ती बराच वेळ हलली नाहीत. दहाच्या सुमारास त्यांतले एक निघाले, थोडे खाली गेले आणि पंख न हलवता फिरत फिरत वर आले. त्यानंतर बाकीची निघाली. मी दोन तास बसून ते पाहिले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे तीन वाजता निघून सिन्नर, संगमनेर, चाकणमार्गे कामशेतला गेले. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक सारखा फिरत होता. सरांनी निर्णय माझ्यावर सोडला आणि मी पंख पिशवीतून काढलाच नाही. जाऊन-येऊन दहा तासांचा प्रवास करून न उडता परतताना मला जे समाधान वाटले, ते मी घरी कोणाला नीट सांगू शकले नाही. फेब्रुवारीत सोंडेजवळ याच "नको"ची गरज होती.

पुढच्या शनिवारी वारा सरळ आणि शांत होता. टेक-ऑफवर माझे पाय थरथरत होते आणि ते मी सरांना सांगितले. पंख वर घेतला, दोन्ही बाजूंचा ताण सारखा असल्याची खात्री करून घेतली, पंखाकडे पाठ फिरवून धावले आणि जमीन सुटली. सोंडेपासून मी लांबच राहिले. चौथ्या वळणावर हवेचा धक्का बसला, डावा ब्रेक हलका झाला आणि डावे टोक फडफडून मिटले. ते पुन्हा उघडल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या लक्षात आले, की मी उजवीकडे झुकलेली आहे, हात वर आहेत आणि टेकडी जिथे होती तिथेच आहे. सात मिनिटांनी मी खालच्या शेतात पायांवर उतरले.

सर चालत आले. टोक मिटल्याचे मी त्यांना सांगू लागले, तेव्हा ते म्हणाले, "दिसलं मला. हात जागेवर होते तुमचे." मग आम्ही दोघांनी मिळून पंखाची घडी घातली.