वाकळ वाळवणारं इंजिन

जुलै महिन्यात वाकळ धुवायची नसते, हे आमच्या खोऱ्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. धुतली तर ती गणपतीपर्यंत ओलीच राहते आणि मग तिला जो वास लागतो तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही. मागच्या जुलैत मी दोन वाकळी धुतल्या. तिसऱ्या रात्री पोरं त्या पांघरून झोपली. हे झालं मामंजींच्या इंजिनामुळे, आणि त्याबद्दल सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आम्ही शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या पल्याड, कांदाटी खोऱ्यात राहतो. तापोळ्याहून लाँचने यायचं आणि पुढे पायी. पाऊस महाबळेश्वरच्या तोडीचा. झाडं पडतात, खांब झुकतात, आणि वायरमन ओढे ओलांडून येईपर्यंत दिवस जातात. कधी चार, कधी नऊ. सोलर घ्या असं पाहुणे सांगतात. उन्हाळ्यात ते खरंच छान चालतं, पण ज्या महिन्यांत आमची वीज जाते त्याच महिन्यांत सूर्यही दिसत नाही.

मामंजींनी 1986 साली पिठाच्या गिरणीसाठी हे इंजिन घेतलं. राजकोटचं, लिस्टर टाइप, एका सिलिंडरचं, सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला 650 फेरे. मूळ लिस्टर कंपनी इंग्लंडातल्या डर्सली गावची. हे मॉडेल तिथे 1930 च्या सुमारास निघालं, आणि त्याच नमुन्यावर राजकोटच्या कारखान्यांनी हजारो इंजिनं ओतली. त्यातली काही अमेरिकेपर्यंत गेली, आणि तिथे लोक ती घराच्या विजेसाठी आणि थंडीत घर ऊबदार ठेवण्यासाठी चालवतात. हे मला पुष्कळ नंतर कळलं. आमचं इंजिन लाँचमधून सुटे भाग करून आलं होतं. दोन्ही चाकं वेगळी, आणि प्रत्येक चाक उचलायला चार चार गडी. विजेची गिरणी आली तशी आमची थांबली. इंजिन बारदानाखाली गेलं, पण मामंजी दर अमावास्येला बारदान काढून चाक हाताने दोन फेरे फिरवायचे, तेल टाकायचे आणि पुन्हा झाकायचे. त्यामुळे ते जाम झालं नाही.

घरधनी वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. घरी मी, आत्याबाई आणि दोन पोरं. त्यामुळे इंजिन शिकायची पाळी माझ्यावर आली आणि मामंजींनी शेवटच्या दोन वर्षांत मला ते हाताला धरून शिकवलं. पहिला धडा हँडलचा. "पोरी, अंगठा आत घालू नको. पाची बोटं एकाच बाजूला." हँडलला मूठ वळवली आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. पाचही बोटं एका बाजूला असली की हँडल नुसतं हातातून सुटून जातं. दुसरा धडा ऐकायचा. व्हॉल्व्ह उचलायची कळ वर करून फिरवायला लागलं की प्रत्येक दुसऱ्या फेऱ्याला डिझेल फवारणारं नोझल 'चर्रक' असं बोलतं. तो आवाज आला नाही तर कितीही जोर लावा, चालू होणार नाही. लाइनमध्ये एअर धरलेली असते. पंपाचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबून डिझेल सलग वाहेपर्यंत थांबायचं, मग आवळायचा. आवाज आला की चाकाला वेग द्यायचा आणि कळ सोडायची. चाकं जड आहेत, हेच बाईमाणसाच्या उपयोगाचं. जोर हळूहळू चाकात साठवता येतो. एकदम झटका द्यायला लागत नाही. मग पहिला ठोका. नंतर दुसरा. तो ऐकल्याशिवाय माझा श्वास मोकळा होत नाही.

विजेसाठी तीन केव्हीएचा अल्टरनेटर जोडला आहे. त्याला 1500 फेरे हवेत आणि इंजिन देतं 650. इंजिनाचं चाक 24 इंची आहे, म्हणून अल्टरनेटरला सव्वादहा इंची पुली बसवली. हिशोबाने 1520 च्या आसपास येतात, त्यातले थोडे पट्टा घसरण्यात आणि थोडे लोड पडल्यावर जातात. मीटरवर 50 हर्ट्झच्या जवळपास दिसलं की झालं. चार स्ट्रोकचं इंजिन असल्यामुळे दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणजे सेकंदाला पाचाहून थोडे जास्त. देवघरातला जुना पिवळा बल्ब या प्रत्येक ठोक्याला किंचित उजळतो आणि किंचित मंदावतो. पोरांना तो दिवा बघत बसायला आवडतं. इंजिन अडखळलं तर ते मला आवाजाआधी त्या दिव्यात दिसतं.

आता पैशाचं. संध्याकाळी दोन तास चालवलं तर साधारण दीड लिटर डिझेल जातं. त्यात विहिरीची मोटर, फ्रीज, इन्व्हर्टरची बॅटरी, पोरांच्या गणवेशाला इस्त्री, असं मिळून साडेतीन युनिट वीज निघते. डिझेल नव्वदीच्या घरात, म्हणजे नुसत्या डिझेलचेच युनिटला 40 रुपये. वीज म्हणून बघितलं तर हा आतबट्ट्याचा धंदा आहे. पण एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिटांची उष्णता असते. माझ्या दीड लिटरमधले पंधरा युनिट येतात कुठून आणि जातात कुठे, हे मी एका पावसाळ्यात वहीत मांडून बघितलं. साडेतीनची वीज. तितकीच किंवा थोडी जास्त उष्णता सिलिंडरभोवतीच्या पाण्यात. उरलेल्यातला मोठा वाटा सायलेन्सरमधून बाहेर. म्हणजे विजेपेक्षा जास्त ऊब आपण हौदात आणि आभाळात सोडून देतो. आमच्या खोऱ्यात पावसाळ्यात दिव्यापेक्षा ऊब जास्त मोलाची असते, हे इथे राहिलेल्या माणसाला सांगायला नको. नाचणी, लाकडं, पोरांची पुस्तकं, अंगावरची कापडं, सगळ्याला ओल येते.

खरं तर ही युक्ती माझी नव्हे. लहानपणी माहेरी विहिरीवरच्या इंजिनातून गरम पाण्याची धार पडायची आणि हिवाळ्यात गडी त्याखाली आंघोळ करायचे. गिरणीचा हौदही असाच कोमट असायचा, आणि मामंजी सांगायचे की पीठ दळायला आलेल्या बाया त्यात हात घालून बसायच्या.

मी हौद काढला. इंजिनाच्या पाण्याचा आता बंद फेरा आहे, म्हणजे तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं. ते लालसर, गंजाचं असतं, आंघोळीचं नाहीच. ते 60 लिटरच्या ड्रममधल्या तांब्याच्या वेटोळ्यातून फिरतं आणि ड्रममधलं स्वच्छ पाणी तापवतं. ड्रम इंजिनापेक्षा उंचावर ठेवला आहे. गरम पाणी आपोआप वर जातं, थंड खाली येतं, त्याला पंप लागत नाही. पहिल्या तासाला ड्रम कढत होतो. दुसऱ्या तासाला मी कॉक फिरवते आणि इंजिनाचं तेच पाणी शेजारच्या खोलीतल्या जुन्या जीपच्या रेडिएटरमध्ये जातं. तिथे पाणी ढकलायला बारका पंप आहे आणि रेडिएटरमागे दोन पंखे. वर तारांवर कपडे.

थर्मोस्टॅट मात्र हवाच, म्हणजे इंजिनातलं पाणी पुरेसं तापेपर्यंत त्याला अडवून धरणारी झडप. सुरुवातीला मला वाटायचं, इंजिन जितकं गार तितकं बरं. तसं नाही. कमी लोडवर गार चालणारं इंजिन धुरकटतं, नोझलवर काजळी धरते, तेल लवकर काळं होतं. पाणी 80 अंशांच्या आसपास राहिलं की ठोका सुका आणि स्वच्छ येतो. म्हणूनच इस्त्री आणि मोटर मी मुद्दाम त्याच दोन तासांत उरकते. इंजिनाला काम द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट पहिल्या वर्षी कळली. खोली गरम झाली आणि भिंतींना पाणी सुटलं. कपड्यातली ओल बाहेर जायला वाटच नव्हती. आढ्याखाली हातभर झरोका काढला, खाली दाराशी चार बोटं फट ठेवली, तेव्हा वारं फिरलं आणि कपडे वाळू लागले.

पण पहिल्या वर्षीची मोठी चूक वेगळी, आणि ती सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले. सायलेन्सरमधली ऊब वाया जाते म्हणून मी धुराचा पाइप त्या खोलीतून फिरवून बाहेर काढला होता. जोड घट्ट होते. मी स्वतः साबणाचं पाणी लावून बघितले होते. जुलै 2021 च्या त्या पावसात नऊ दिवस वीज नव्हती आणि इंजिन रोज चालत होतं. इंजिनाच्या थरथरीने एका जोडाचे बोल्ट सैल झाले. आत्याबाई ऊब बरी वाटते म्हणून तिथे बसून पावटे निवडत होत्या. सातच्या सुमारास कपडे काढायला मी आत गेले तर त्यांच्या मांडीवरचं सूप कलंडलेलं, पावटे जमिनीवर, आणि त्या भिंतीला टेकलेल्या. "काय नाय गं, डोस्कं जड झालंय," म्हणाल्या आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. धुराचा वास होता, पण चुलीच्या घरात धुराच्या वासाचं कुणाला काय वाटतं? मी त्यांना काखेत धरून पडवीत ओढलं, पागोळ्यांच्या समोर बसवलं, मग धावत जाऊन डिझेल बंद केलं. त्यांना दोनदा उलटी झाली. लाँच बंद होती, पलीकडे जाणं शक्य नव्हतं. रात्रभर मी त्यांच्या उशाशी बसून त्यांचा श्वास मोजत होते. पहाटे त्यांनी चहा मागितला.

उजाडल्यावर हॅक्सॉ घेऊन मी तो पाइप कापला. आता धूर इंजिनाच्या खोलीतून थेट बाहेर, वारा त्याला घरापासून लांब नेईल अशा बाजूला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिझेलच्या धुरात ते पेट्रोलपेक्षा कमी असतं हे खरं, पण बंद खोलीत तेवढंही पुरतं. कुणी असं इंजिन लावत असेल तर हात जोडून सांगते, पाण्याची ऊब घरात आणा, धुराची नको. धुराचा एकही जोड माणसांच्या छपराखाली नको.

तसंच चेंजओव्हर स्विच हवाच, म्हणजे घराला एका वेळी बाहेरची लाइन किंवा इंजिन यांतलं एकच जोडणारा. आमची वीज लाइनवर उलटी गेली तर वर खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे. तो आमच्यासाठीच पावसात ओढे ओलांडून आलेला असतो. आणि पट्ट्याला जाळी, कारण घरात लुगडी नेसणाऱ्या बायका आहेत.

आत्याबाई आता 78 वर्षांच्या आहेत. सहाला इंजिन लागलं की त्या पडवीत येऊन बसतात आणि ठोका ऐकतात. परवा म्हणाल्या, "आज जरा जड चाललंय." मी जाऊन बघितलं तर मोटरचा स्विच चालूच राहिला होता. आठला बंद करते तेव्हा चाकं बराच वेळ फिरत राहतात, हळू, आणखी हळू, आणि शेवटी दट्ट्या दाबापाशी येतो, चाक अर्धा फेरा मागे येतं आणि थांबतं. तोवर त्यांच्या आंघोळीचं पाणी मी बादलीत काढलेलं असतं.