पातालपानीचा धबधबा, शेणाचा पो आणि मामाचं भिंग

इंदूरजवळच्या पातालपानीला सगळे धबधबा बघायला जातात, आम्हाला मामाने तिथे शेण बघायला लावलं. सिरियसली. आणि ते इतकं भारी निघालं की धबधब्याचे फोटो मोबाइलमध्येच पडून आहेत आणि पोस्ट मात्र बुरशीवर लिहितेय.

प्रवासाचं थोडक्यात उरकते, कारण त्यावर लिहिणारे इंदुरात ढिगाने आहेत. सकाळी कोपऱ्यावर पोहे-जलेबी (वर जिरावन मसाला डबल), मग गाडीने पातालपानी, आणि तिथून कालाकुंडची हेरिटेज ट्रेन, जी २०१८ मध्ये सुरू झाली. मीटरगेज आहे, घाटातून, बोगद्यांतून जाते. ही लाइन यावी म्हणून होळकरांनी इंग्रजांना १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, हे मामा दर वेळी अशा थाटात सांगतो की जणू चेक ह्यानेच फाडला होता. मामा कॉलेजात बॉटनी शिकवायचा, आता रिटायर आहे, खिशात भिंग कायम.

तर गाडी सुटायला वेळ होता, लोक सेल्फीत, आणि मामा स्टेशनबाहेर उकिडवा बसून एका शेणाच्या पोकडे बघतोय. दोन-चार दिवसांचं शेण असावं. मावसभाऊ लाजून लांब जाऊन उभा राहिला. मी भिंग घेतलं आणि बघते तर काय, शेणावर पारदर्शक दांड्यांचं रानच उगवलेलं, प्रत्येक दांडा वरच्या अंगाला फुगलेला, आत पाणी भरलेलं, आणि डोक्यावर एक काळी कुळकुळीत टोपी. सगळे एकाच बाजूला झुकलेले, उजेडाच्या.

ह्या बुरशीचं नाव पायलोबोलस. त्या काळ्या टोपीत हजारो बीजाणू असतात, म्हणजे स्पोअर्स, आणि हे बिनलग्नाचे, नर-मादी भानगडच नाही, एकाच बुरशीने स्वतःच्या कॉप्या काढलेल्या. आता अडचण अशी की ह्यांना वाढायला हवं शेण, शेणात पोचायला हवं गाईच्या पोटातून जायला, आणि गाय तर स्वतःच्या शेणाजवळचं गवत तोंडात धरत नाही. मग करायचं काय, तर लांब उडी मारायची. फुगलेल्या भागात पाण्याचं प्रेशर वाढत वाढत जातं, शेवटी फुटतं आणि टोपी अख्खीच्या अख्खी उडते, दोन मीटरपर्यंतसुद्धा जाते. दांड्याची उंची जेमतेम सेंटिमीटरभर, लक्षात घ्या! उजेडाकडे नेम का, तर उजेड म्हणजे मोकळी जागा, म्हणजे पलीकडे गवत. टोपी गवताला चिकटते, गाय गवत खाते, बीजाणू पोटातून सहीसलामत निघून ताज्या शेणात. आम्ही टक लावून बसलो होतो, पण आमच्यासमोर एकही उडाली नाही आणि तेवढ्यात ट्रेनची शिट्टी झाली.

कालाकुंडला उतरल्यावर आधी स्टेशनवरचा कलाकंद (पानात देतात, गरम असेल तर थांबू नका, घ्या). मग नदीच्या बाजूला थोडं चालत गेलो. एक पडलेलं खोड होतं, त्यावर पांढुरक्या, केसाळ, छोट्या छोट्या पंख्यांची रांग. मामा म्हणाला, "अगं, ही स्किझोफायलम, जगभर सापडते, हिला २० हजारांच्या वर मेटिंग टाइप आहेत."

"म्हणजे २० हजार जेंडर?"

"तसंच समज. आपल्याला दोनच, म्हणून अर्धे लोक बाद. हिला जंगलात जो भेटेल तो बहुतेक चालतोच."

मग त्याने जे सांगितलं ते मला खरंच माहीत नव्हतं. आपण कुत्र्याची छत्री म्हणतो ती बुरशी नव्हेच, म्हणजे तिचा फक्त बीजाणू टाकायचा भाग. खरी बुरशी लाकडात, मातीत, पांढऱ्या बारीक तंतूंची. बीजाणू रुजला की तंतू निघतो, दुसऱ्या टाइपचा तंतू भेटला की दोघं जुळतात, पण गंमत म्हणजे दोघांची केंद्रकं एकत्र होतच नाहीत, एकाच पेशीत शेजारी शेजारी राहतात, वर्षानुवर्षंसुद्धा, अगदी एका घरात राहून अबोला धरल्यागत. पाऊस झाला, ओल मिळाली की छत्री वर येते, आणि तिच्या खालच्या पडद्यांवरच्या सूक्ष्म पेशींमध्ये शेवटी ती केंद्रकं एक होतात, लगेच पुन्हा विभागतात आणि प्रत्येक पेशीवर साधारण चार बीजाणू लागतात.

आणि ते नुसते गळत नाहीत हं. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी हवेतल्या दमटपणातून पाण्याचा एक थेंब जमतो. बुलर नावाच्या शास्त्रज्ञाच्या नावाने त्याला बुलरचा थेंब म्हणतात. तो मोठा होत होत बीजाणूच्या अंगावरच्या ओलीला टेकला की झटक्यात तिच्यात मिसळतो, वजन एकदम सरकतं आणि बीजाणू सुटतो. उडी किती, तर मिलिमीटरचा छोटासा अंश. जास्त उडाला तर समोरच्या पडद्यावर आपटेल, कमी उडाला तर आपल्याच पडद्याला चिकटेल, म्हणून बरोब्बर मधोमध, तिथून सरळ खाली आणि मग वारा नेईल तिकडे. म्हणूनच हवा दमट लागते, आणि म्हणूनच ह्या सगळ्या आपल्याकडे पावसाळ्यात. पायलोबोलसची दोन मीटरची उडी बघायला गेलो आणि मला आवडली ती ही.

घरी परतल्यावर मामा डायरेक्ट लॉनवर. तिथे पांढऱ्या मोठ्या छत्र्या आल्या होत्या, वर तपकिरी खवले, दिसायला एकदम खाण्यालायक. एकीचा दांडा कापला, टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घातली आणि वर मामीचा काचेचा बोल उपडा ठेवला, वारा लागू नये म्हणून. मामी काय बोलली ते इथे लिहीत नाही.

सकाळी टोपी उचलली तर कागदावर मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेघा, एकही तुटलेली नाही, आणि रंग चक्क हिरवट! एकेका रेघेत लाखो बीजाणू असतील. हिरवा प्रिंट (कागदावरचा हा बीजाणूंचा ठसा) म्हणजे क्लोरोफायलम नावाची छत्री, विषारी, खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस बेजार. पण पांढरा प्रिंट आला म्हणजे चालेल असंही अजिबात नाही, अमानिटा नावाच्या जीवघेण्या छत्र्यांचा प्रिंट पांढराच असतो. मामा इतकी वर्षं बॉटनीत, तो जंगलातली एकही तोंडात घालत नाही, मंडईतली बटन मशरूम आणतो.

कागदावर हेअर स्प्रे मारला तर प्रिंट पुसत नाही म्हणे. मामीने स्वतःचा स्प्रे द्यायला साफ नकार दिला.