आधी सांगा, डोंगल कुठे लावलाय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. डोंगल म्हणजे वायरलेस माऊस-कीबोर्डचे संदेश पकडणारा, संगणकाच्या यूएसबी पोर्टात लावायचा तो छोटा तुकडा. दुकानात वायरलेस माऊस नाहीतर कीबोर्ड घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो: "मॅडम, हा अडकतोय म्हणून आणलाय, आणि तुम्ही तो हातातही न घेता डोंगल कुठे लावलाय हेच काय विचारताय?" एक गृहस्थ तर तोंडावर म्हणाले, दुरुस्ती येत नसली की माणूस प्रश्न विचारत बसतो. ते मला लागलं.

मी टाळत नाही. सेल बदललेत, बंद-चालू करून पाहिलंत, हे मी धरूनच चालते. माझ्या काउंटरवर तो माऊस व्यवस्थित चालणार हेही बहुतेक वेळा ठाऊक असतं, कारण बिघाड तुम्ही घरीच ठेवून आलेले असता. डोंगलवाले माऊस-कीबोर्ड 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर चालतात. घरातलं वायफाय बऱ्याचदा तिथेच, ब्लूटूथही तिथेच. त्यात यूएसबी 3.0 मधून डेटा जायला लागला की त्याच पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलनेच 2012 साली त्यावर टिपण काढलं होतं. निळ्या, म्हणजे यूएसबी 3.0 च्या, पोर्टात हार्ड डिस्क आणि तिला खेटून डोंगल, मग माऊस अडकणार नाही तर काय? पण "जागा बदला" म्हटलं की लोकांना वाटतं, बाईंनी वाटेला लावलं.

हा हट्ट मला एका टायपिंग क्लासमध्ये लागला. टेबलं सुटसुटीत दिसावीत म्हणून तिथे सगळीकडे वायरलेस संच आणले होते. लोखंडी टेबलं, सीपीयू खाली, डोंगल मागे भिंतीच्या बाजूला, म्हणजे संदेशाच्या वाटेत लोखंडच. मी प्रिंटर बघायला गेले होते. शासकीय परीक्षेच्या मराठी 30 चा, म्हणजे मिनिटाला 30 शब्दांचा, सराव चालला होता. एका मुलीच्या मात्रा गळत होत्या. 'शाळेत'चं 'शाळत', 'वेळ'चं 'वळ'. मराठीत मात्रेचं बटण वेगळं, ते एक हुकलं की शब्द गेला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बोटं नुसती फिरवू नकोस, बटण दाब." त्यावर ती इतक्या जोरात बटणं दाबायला लागली की शेजारची मुलं हसायला लागली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग स्क्रीनवर 'ककककककककक' अशी ओळच्या ओळ उमटली. सर म्हणाले, "बघा, बोट उचलायचंही विसरते."

मात्रा गळणं शिकाऊ हाताचं असू शकतं, मान्य. पण तिचं बोट उचललेलं होतं. मी मागेच उभी होते. बोट वर, आणि क उमटतच होते. बटण दाबलं की एक संदेश जातो, सोडलं की दुसरा. हा दुसरा वाटेत हरवला तर संगणक बटण दाबलेलंच आहे असं समजून अक्षर काढत राहतो. बोटांचा त्यात काहीएक संबंध नाही.

पिशवीतली यूएसबी एक्स्टेन्शन केबल काढली, डोंगल मागून पुढे आणून कीबोर्डसमोर ठेवला. "आता लिही." तिने 'शाळेत' ओळभर लिहिलं, सगळ्या मात्रा जागेवर. तिने विचारलं, "मॅडम, म्हणजे मी बरोबर दाबत होते?" सर तिला काहीच बोलले नाहीत. मला म्हणाले, "अशा केबल कितीला पडतील?"

याचा मला अजून राग येतो.

पूर्वी मीच लोकांना सांगायचे, वायरलेस बिनधास्त घ्या. तेव्हाचं माझं म्हणणं आज पुरतं खोडता येत नाही. वायरही तुटते, उंदीर कुरतडतात, पाठ दुखणाऱ्याला कीबोर्ड मांडीवर घेऊन रेलून बसता येतं, हे काय कमी आहे? आणि दर वेळी दोष डोंगलच्या जागेचाच असतो असंही नाही. कधी सेल गळून स्प्रिंगवर पांढरी पूड साचलेली असते. कधी विंडोज वीज वाचवायला पोर्टच झोपवतं, आणि डिव्हाइस मॅनेजरमधली तशी परवानगी देणारी खूण काढावी लागते. तरी जिथे टायपिंगला गुण आहेत तिथे मी वायरवालाच सुचवते. त्यात मला नफाही कमीच सुटतो, हे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

त्या क्लासच्या सरांचं म्हणणं, एका टेबलामुळे सगळ्या टेबलांचा खर्च कशाला? माझं म्हणणं, बाकीच्या टेबलांवर कोण विनाकारण बोलणी खातंय हे तुम्ही तपासलंत कधी? त्यावर आमचं अजून जमलेलं नाही.