दीड लाखाचं एस्टिमेट आणि उघडा राहिलेला थर्मोस्टॅट

जानेवारी २०२४. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एक शिक्षिका ताई माझ्या गॅरेजवर आल्या त्या, सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट हातात घेऊनच. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेंब्ली, त्याच्या आधीच्या-नंतरच्या दाबातला फरक मोजणारा डिफरेन्शियल प्रेशर सेन्सर, क्लॅम्प, गॅस्केट, मजुरी, जीएसटी, सगळं मिळून १,४६,००० रुपये. गाडी दीड लिटर डिझेल, बीएस-६, सप्टेंबर २०२० ची. रनिंग ३१ हजार. तीन वर्षांची वॉरंटी संपून चार महिने झालेले. "दादा, एकतीस हजारांत एवढा मोठा पार्ट जातो का हो?" असं त्यांनी विचारलं. सर्व्हिस सेंटरमध्ये हा प्रश्न कुणाला पडला असता, तर एस्टिमेट वेगळं निघालं असतं.

डीपीएफमध्ये सिरॅमिकच्या बारीक चौकोनी नळ्या असतात. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. धुराला मधल्या सच्छिद्र भिंतीतून जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. काजळी ठरावीक मर्यादेपर्यंत साठली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जादा डिझेल सोडतो, ते डीपीएफच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं, डीपीएफच्या तोंडाशी तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं आणि काजळी जळून जाते. यालाच रीजनरेशन म्हणतात. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही. ती हळूहळू साठते आणि डीपीएफचं खरं आयुष्य तीच संपवते. पण राखेने डीपीएफ भरायला साधारण दीड लाख किलोमीटर किंवा त्याहून जास्त लागतात. एकतीस हजारांत चोक झाला असेल, तर ती काजळीच. आणि काजळी जळत का नाही, हे शोधल्याशिवाय नवा डीपीएफ बसवला, तर दोन-चार महिन्यांत तोही भरणार.

ताईंचं रोजचं रनिंग म्हणजे घर ते शाळा चार किलोमीटर आणि तेवढंच परत. सटाण्याला गावी जाणं महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. सर्व्हिस सेंटरने कारण म्हणून हेच सांगितलं होतं: "मॅडम, तुमचं ड्रायव्हिंग शॉर्ट आहे." त्यात तथ्य नाही असं नाही. छोट्या फेऱ्यांना डिझेल गाडी घेऊच नये, हे माझंही मत आहे, आणि ते विकणाऱ्याने विकताना सांगायला हवं. पण ताई म्हणाल्या, दिवाळीत सटाण्याला जाऊन-येऊन झालं, तरी डॅशबोर्डवरचा डीपीएफचा लाइट गेला नाही. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या पल्ल्यात सुस्थितीतली गाडी स्वतःहून एक रीजनरेशन पूर्ण करते. या गाडीने केलं नाही, म्हणजे गोष्ट फक्त छोट्या फेऱ्यांची नव्हती.

स्कॅनर लावायच्या आधी डिपस्टिक काढली. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर, पातळ, आणि वासाला सरळ डिझेल. हे लक्षण फार बोलकं आहे. रीजनरेशन सुरू होऊन अर्धवट सुटलं की जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइल पॅनमध्ये उतरतं. म्हणजे गाडी प्रयत्न करत होती, पण पुरा होत नव्हता. ऑइल असं वाढलेलं असताना फोर्स रीजनरेशन, म्हणजे स्कॅनरने आदेश देऊन करायला लावलेलं रीजनरेशन, धोक्याचं. ऑइल वाढता वाढता ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये गेलं, तर चावी बंद करूनही इंजिन त्याच्यावर पळत सुटतं. म्हणून आधी जादाचं ऑइल काढून पातळी खुणेवर आणली.

मग स्कॅनिंग. कोड एकच, पी२४६३, म्हणजे काजळी जास्त झाली. सर्व्हिस सेंटरनेही हाच वाचला असणार. त्यापुढचा लाइव्ह डेटा मात्र बघायला वेळ लागतो. इंजिन बंद, चावी ऑन, तेव्हा प्रेशर सेन्सर शून्य दाखवत होता. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. त्याच्या दोन्ही रबरी नळ्या काढून फुंकून बघितल्या. तडा नाही, चोक नाही, उलट-सुलट जोडणी नाही. या नळ्या उष्णतेने चिरतात आणि निष्कारण डीपीएफ बदलला जातो, म्हणून हे आधी. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, दाब ३८ मिलीबार, २५०० आरपीएमला १९०. साफ डीपीएफला या प्रकारच्या इंजिनावर आयडलला पाच-दहा आणि २५०० ला तीस-चाळीसच्या आसपास दिसतो. डीपीएफ खरोखरच भरलेला होता. काजळीचा आकडा ३४ ग्रॅम. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: शेवटच्या यशस्वी रीजनरेशननंतरचं अंतर २,१४० किलोमीटर. हे साधारण तीनशे ते सहाशेच्या दरम्यान असायला हवं.

काजळी जास्त तयार होतेय की तयार झालेली जळत नाहीये, हे दोन रस्ते वेगळे आहेत. पहिल्या रस्त्यावर टर्बोची हवा गळणं, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकणं, इंजेक्टर ठिबकणं. स्मोक टेस्टमध्ये इंटरकूलरच्या पाइपला गळती नव्हती, ईजीआर आदेशाप्रमाणे उघडझाप करत होता, चारही इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल सारखं होतं. दुसऱ्या रस्त्यावर ईसीयू रीजनरेशनला परवानगी देतो त्या अटी येतात: टाकीत पुरेसं डिझेल, ईजीआर किंवा सेन्सरचा कोड नसणं, आणि इंजिन पुरेसं गरम असणं. शेवटची अट तपासायला गाडी रस्त्यावरच न्यावी लागते.

सकाळची थंडी होती. कुलंट २२ अंशांवर असताना गाडी सुरू केली आणि बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. तीन-चार मिनिटांतच होज कोमट. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कुलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, ठीक असेल तर कुलंट ८० च्या पुढे जाईपर्यंत हा होज थंडच राहतो. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये कुलंट ७४ पर्यंत चढलं. महामार्गाला लागून ८० चा वेग धरला आणि वारा लागताच ते ६४ वर उतरलं. चित्र स्पष्ट झालं. सिग्नलवर गाडी जरा तापली की ईसीयू रीजनरेशन सुरू करायचा, मोकळा रस्ता मिळाला की इंजिन थंड व्हायचं आणि तो मध्येच सोडून द्यायचा. दर वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये. शिवाय थंड इंजिन काजळीही जास्त काढतं. सटाण्याचा दोनशे किलोमीटरचा प्रवास का उपयोगी पडला नाही, त्याचं उत्तर हेच. ताईंना मीटरवर काही दिसलं नाही, कारण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काटा मोठ्या पट्ट्यात मध्यावरच ठेवलेला असतो. तापमान खऱ्या अर्थाने किती, हे स्कॅनरशिवाय कळत नाही.

कुलंट काढलं तेव्हा रंग फिकट गुलाबी, जवळजवळ पाणीच. थर्मोस्टॅट खोलला तर व्हॉल्व्हच्या बैठकीवर पांढरा क्षार जमलेला आणि व्हॉल्व्ह थंड असतानाही काडेपेटीची काडी जाईल इतका उघडा. भांड्यात पाणी तापवून नवा तपासला: ८३ ला उघडायला लागला, गार होताच घट्ट बंद. नवीन पार्टही बसवायच्या आधी असा तपासावा, कारण खोक्यातून खराब निघालेले मी पाहिले आहेत.

क्षार आला कुठून? ताईंनी सगळी बिलं जपून ठेवली होती. दुसऱ्या पेड सर्व्हिसच्या जॉबकार्डवर "कुलंट टॉप-अप" लिहिलेलं, पण पार्ट्सच्या यादीत कुलंट कुठेच नाही. म्हणजे तिथल्या नळाचं किंवा बोअरचं पाणी गेलं. बोअरचं कठीण पाणी रेडिएटरच्या आधी थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं सील धरतं. त्याच्या पुढच्या जॉबकार्डवर ताईंची तक्रार होती: "गाडी बंद केल्यावरही फॅन चालू राहतो, ॲव्हरेज कमी." शेरा: "नॉर्मल." गाडी बंद केल्यावर फॅन जोरात चालू राहणं म्हणजे बहुतेक वेळा रीजनरेशन मध्येच तोडलं गेलंय. ही तक्रार वॉरंटीच्या काळातली, जुलै २०२३ मधली.

कामाचा क्रम असा ठेवला. सिस्टिम डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुतली, थर्मोस्टॅट बदलला, अर्धं कुलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं सात लिटर भरून हवा काढली. पुन्हा रस्त्यावर: कुलंट ८६ ते ८९ मध्ये स्थिर, ८० च्या वेगातही. आता डीपीएफ. ३४ ग्रॅम हा त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत होता. मर्यादेबाहेर असता तर फोर्स रीजनरेशन लावलं नसतं, कारण एवढी काजळी एकदम पेटली की आतलं तापमान हजार अंशांवर जाऊन सिरॅमिक तडकतं किंवा वितळतं. तेव्हा डीपीएफ खोलून उलट्या बाजूने पाण्यावर आधारित क्लीनरने धुवून, वाळवून, आधी-नंतर वजन करून बसवावा लागतो. प्रेशर वॉशर आणि ॲसिड यांनी आतला लेप जातो. तसं धुणारेही गावात आहेत.

उभ्या गाडीवर रीजनरेशन लावण्यापेक्षा चालत्या गाडीत लावणं मला बरं वाटतं. सायलेन्सरखाली वाळकं गवत नको, टाकी अर्ध्याच्या वर हवी. घोटीच्या टोलनाक्याच्या दिशेने चौथ्या गिअरमध्ये २२०० ते २५०० आरपीएम धरून नेली. डीपीएफआधीचं तापमान ५९० ते ६२० मध्ये राहिलं, काजळीचा आकडा थांबत थांबत उतरला. परतल्यावर आयडलला ७ मिलीबार, २५०० ला ३३, काजळी ५ ग्रॅम. त्यानंतरच ऑइल आणि फिल्टर बदलले, कारण रीजनरेशनमध्ये आणखी थोडं डिझेल उतरतंच. ऑइल ५डब्ल्यू-३०, एसीइए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) सी३ दर्जाचं, म्हणजे कमी राखेचं. डब्यावर सी२ किंवा सी३ (मॅन्युअल म्हणेल ते) नसलेलं महागडं ऑइलही या गाड्यांना चालत नाही.

एक गोष्ट मुद्दाम केली नाही: ईसीयूमधला राखेचा काउंटर शून्य केला नाही. लाइट घालवायला काहीजण "नवा डीपीएफ बसवला" असा आदेश देतात. मग ईसीयू जुन्याला नवा समजून हिशेब करतो आणि रीजनरेशन उशिरा लावतो.

बिल असं झालं: थर्मोस्टॅट २,३५०, कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर २,१००, ऑइल-फिल्टर ४,२००, मजुरी आणि स्कॅनिंग ४,५००. एकूण १३,१५०.

ताईंना मध्यंतरी कुणीतरी पंधरा हजारांत डीपीएफ आतून पोकळ करून रीमॅप मारायचा, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रामिंग बदलायचा, सल्ला दिला होता. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि मागे मुलं दुचाकीवर येत असतात त्यांच्या तोंडावर तो धूर जातो. मी ते काम घेत नाही.

सर्व्हिस सेंटरवाले लबाड होते, असं मला वाटत नाही. त्यांच्या फॉल्ट-ट्रीमध्ये (दोष शोधायच्या ठरलेल्या पायऱ्यांच्या तक्त्यात) दाब जास्त आणि सेन्सर ठीक, की "डीपीएफ बदला" ही पायरी येते. टेक्निशियनला तासाभरात पुढची गाडी घ्यायची असते आणि थंड इंजिनावर अर्धा तास रस्त्यावर फिरण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. वॉरंटीत असतं तर पार्ट कंपनीच्या खात्यात गेला असता आणि कुणाला कळलंही नसतं. वॉरंटी संपली की तोच शॉर्टकट मालकाच्या खिशातून जातो. स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा कार कंपन्यांना सुटे भाग आणि डायग्नोस्टिक साधनं बाहेरच्या गॅरेजना उपलब्ध करून द्यायला सांगितलं. पुढे अपिलं झाली. या गाडीची मॅन्युअलमधली मर्यादा मला आजही ओळखीतूनच मिळवावी लागली.

मार्चमध्ये ताई पुन्हा आल्या. मधलं एक रीजनरेशन ४३० किलोमीटरनी पूर्ण झालेलं, ऑइलची पातळी जागेवर. त्यांना एवढंच सांगितलं होतं की आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्याला न्या, आणि आयडल वाढलेलं किंवा फॅन जोरात असेल तर घरापाशी लगेच चावी काढू नका.

दरम्यान त्यांनी दोन्ही जॉबकार्डांच्या प्रती, आधीच्या-नंतरच्या लाइव्ह डेटाच्या प्रिंट आणि काढलेल्या थर्मोस्टॅटचा फोटो जोडून डीलरला नव्हे, थेट कंपनीला मेल केला होता. वॉरंटी नुकतीच संपलेली असेल आणि सगळ्या सर्व्हिसेस अधिकृत ठिकाणी झाल्या असतील, तर कंपन्या गुडविल म्हणून काही भाग उचलतात. तो अधिकार डीलरकडे क्वचितच असतो. उत्तर आलं: काम बाहेर झाल्यामुळे परतावा नाही, पुढची एक सर्व्हिस मोफत. ती स्वीकारताना "तक्रार मिटली" अशा कागदावर सही मागितली आहे. ताईंनी अजून केलेली नाही. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि जुना थर्मोस्टॅट मी त्यांना नाव-तारीख घालून पिशवीत सीलबंद करून दिला आहे.